एकाच कातळाचे राखणदार



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला आणि पावसाळ्यातल्या रविवारी मुलांना झाडं-झुडपं ओळखायला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, नेलं. त्यांच्या मनात हे दोन वेगळे विषय कधीच नव्हते. आज रत्नागिरीत, त्यांच्या नावानं बोलायची संधी मिळाली आहे, तर वारसा जपणाऱ्या माणसांबद्दल बोलावं असं मी ठरवलं. जुन्या वास्तू आणि शिल्पं वाचवण्यासाठी झगडणारे एका बाजूला, झाडं-प्राणी वाचवण्यासाठी झगडणारे दुसऱ्या बाजूला. या दोघांची मला काळजी वाटते, कारण दोघंही प्रामाणिक आहेत, दोघंही थोडेच आहेत, आणि पुष्कळदा एकाच जमिनीवर उभे असूनही एकमेकांना भेटलेले नसतात.

आपल्या सड्यांपासूनच सुरुवात करू. राजापूर, लांजा, रत्नागिरी या तालुक्यांतून जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना जांभ्याचा उघडा कातळ दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत तो तापतो, काळा पडतो, वर वाळलेलं गवत असतं किंवा वणव्यानं जळालेले पट्टे असतात. सरकारी कागदावर याची नोंद पोटखराबा किंवा पडीक अशी. पीक येत नाही, सारा येत नाही, म्हणून जमीन निकामी, हा हिशेब इंग्रजी अमलापासून चालत आलेला आहे आणि आपण तो फारसा तपासलेला नाही.

याच कातळावर आपल्या पूर्वजांनी चित्रं कोरली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, भूगोलाचे अभ्यासक सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांचे सहकारी यांनी पदरमोड करून, नोकरी-व्यवसाय सांभाळून ही कातळशिल्पं शोधली. रिसबूड व्यवसायानं इंजिनियर. त्यांना कुणी हे काम नेमून दिलेलं नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती: गावात जायचं, गुराख्याला विचारायचं, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. गुरांमागे सडा पायाखाली घालणाऱ्या माणसाला कातळावरच्या रेघा ठाऊक असतात. त्याला त्यांचं वय ठाऊक नसेल, पण जागा ठाऊक असते. अशा विचारपुशीतून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हजाराहून अधिक आकृत्या उजेडात आल्या.

कशेळीला आपण कनकादित्याच्या दर्शनाला जातो. त्याच गावच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा एक हत्ती कोरलेला आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांची दाटी आहे, त्यात समुद्रातले जीवही आहेत. बारसूला एक माणूस मधे उभा आहे आणि दोन्ही बाजूंनी वाघ त्याच्याकडे झेपावताहेत. देवाचे गोठण्याला मानवाकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. काही ठिकाणी एकशिंगी गेंडा कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा नाही. ज्यानं तो कोरला त्यानं कुठेतरी गेंडा पाहिला होता, त्याच्या खांद्याची ठेवण त्याच्या डोळ्यांत बसली होती. म्हणजे हे शिल्प जितकं पुरातत्त्वाचं, तितकंच प्राणिशास्त्राचं टिपण आहे. इथल्या माणसानं आपल्या भोवतीच्या जीवांची केलेली पहिली नोंद म्हणून मी त्याकडे पाहतो.

२०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश झाला. नऊ ठिकाणं आहेत, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. त्या नोंदीत शिल्पांचा काळ मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत धरलेला आहे. स्वतःच्या खर्चानं उन्हातान्हात फिरलेल्या चार माणसांच्या चिकाटीचं हे फळ आहे, आणि रत्नागिरीकरांनी ते अभिमानानं सांगायला हवं.

आता हाच सडा जुलैमध्ये बघा. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की कातळाच्या फटीत जिथे बोटभर माती आहे तिथे दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही वनस्पती कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यांपलीकडे जगात कुठेही उगवत नाही. मग सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, कवला, तेरडा असे एकामागून एक रंग पालटत जातात. यांतल्या काही वनस्पती कीटक खातात, कारण या कातळावर मातीतून मिळणारं पोषण फार थोडं आहे आणि त्यांनी त्यावर आपला उपाय काढला आहे. उथळ खळग्यांत पाणी साचतं, त्यात चिमुकली कोळंबीसारखी जनावरं जन्मतात, काही आठवड्यांत आयुष्य पुरं करतात आणि अंडी सुकल्या चिखलात सोडून जातात. ती अंडी पुढच्या पावसाची वाट बघत उन्हाळाभर तापलेल्या कातळावर टिकतात. इथल्या बऱ्याच बेडकांचं प्रजनन या डबक्यांच्या भरवशावर चालतं. अपर्णा वाटवे यांनी अशा खडकाळ पठारांच्या अभ्यासाला अनेक वर्षं दिली आहेत. पडीक म्हणून लिहिलेली जमीन किती भरलेली आहे, हे त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि आजच्या व्याख्यानाचं खरं कारण तीच आहे. शिल्पांचे अभ्यासक सड्यावर दिवाळीनंतर येतात. गवत वाळलेलं असतं, रेघा उघड्या पडलेल्या असतात, कातळ कोरडा असतो. पावसात गवताखाली आणि पाण्याखाली शिल्प दिसतच नाही. वनस्पतींचे आणि बेडकांचे अभ्यासक येतात जून ते ऑक्टोबर. नंतर त्यांना तिथे पाहण्यासारखं काही उरत नाही. एकच जमीन, पण दोघांचे ऋतू वेगळे. त्यामुळे एकाला सडा म्हणजे कोरडा फलक वाटतो आणि दुसऱ्याला ओला बगीचा. बारा महिने सडा पाहणारा तिथे एकच असतो, तो म्हणजे गावकरी. आणि सड्याचं काय करायचं हे ठरवण्याच्या बैठकीला नेमकं त्यालाच बोलावलं जात नाही.

कायद्यानंही हीच फाळणी केली आहे. प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा, राज्याचा १९६० चा. वन्यजीवांसाठी १९७२ चा. पुरातत्त्व खातं एका मंत्रालयाकडे, वन खातं दुसऱ्याकडे. शिल्प संरक्षित झालं तर त्याच्याभोवती काही मीटरांची मर्यादा आखली जाते. त्या मर्यादेबाहेरच्या दीपकाडीशी पुरातत्त्वाला कर्तव्य नाही, आणि सडा वनजमीन नसल्यामुळे वन खात्यालाही नाही. ज्या १९७२ सालात आपण वन्यजीव कायदा केला, त्याच साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा करार केला, आणि त्यात सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा एकाच दस्तऐवजात मांडला. त्या कराराचं बोधचिन्ह पाहा: माणसाच्या निर्मितीचा चौकोन आणि निसर्गाचं वर्तुळ एकाच रेषेनं जोडलेले आहेत. प्रत्यक्षात मात्र यादीत नाव घालताना बहुधा एकच रकाना भरला जातो. २०१२ मध्ये पश्चिम घाट नैसर्गिक वारसा म्हणून आला, त्यात कासचं पठार आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले आले ते सांस्कृतिक वारसा म्हणून. दोन्ही बाजूंनी नोंदलं गेलेलं भारतातलं पहिलं ठिकाण कांचनजंगा, तेही २०१६ साली.

ही फाळणी कागदापुरती राहत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा गावातल्या बायका भर उन्हात वाटेवर आडव्या झाल्या. त्या वादात शिल्पांचा मुद्दा निघाला की एक उत्तर ठरलेलं असे: शिल्पांची जागा वगळू, तिला हात लावणार नाही. प्रकल्प हवा की नको, यावर या सभागृहातही दोन मतं असतील आणि तो आजचा विषय नाही. मला त्या उत्तराबद्दल बोलायचं आहे. भोवतीचा सडा गेला आणि कुंपणाच्या आत शिल्प राहिलं, तर काय राहिलं? पोथीतलं एक चित्र कापून चौकटीत लावावं आणि पोथी रद्दीत द्यावी, तसं ते होईल. कोरणाऱ्यानं ही जागा निवडली ती इथून समुद्र दिसतो म्हणून, इथे पाणी साचतं म्हणून, इथे जनावरं येत म्हणून, की आणखी कशासाठी, हे शोधायचं तर भोवतालच हवा. भोवताल हाच पुरावा आहे. शिल्पाच्या अभ्यासकानं दीपकाडीसाठी भांडावं ते फुलावरच्या प्रेमापोटीच असं नाही. स्वतःच्या विषयासाठीही त्याला भांडावं लागेल.

मोठे प्रकल्प वर्तमानपत्रात येतात. सडा रोज थोडा थोडा जातो तो मात्र चिरेखाणींनी आणि कलमांनी. जांभ्याचा चिरा घरांना लागतो, आपली सगळ्यांची घरं त्याचीच आहेत. हापूसची लागवड करायची तर कातळात यंत्रानं किंवा सुरुंगानं खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचं. कोकणात ठिकठिकाणी हे चाललं आहे. तरुण अभ्यासकांच्या एका गटानं, ज्यात वाटवेही होत्या, सड्यांवरच्या बेडकांची पाहणी केली, तेव्हा आंबा-काजूच्या बागांत बेडकांची हानी भाताच्या खाचरांपेक्षा अधिक झालेली आढळली. खाचरात निदान पाणी साचतं. बागायतदाराला मी दोष देणार नाही. जमीन त्याची आहे, कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, आणि सडा तसाच ठेवल्याबद्दल त्याला आजवर कुणी एक रुपया दिलेला नाही. वारसा राखणाऱ्या बऱ्याच माणसांनी हे बोलायचं टाळलं, असं मला वाटतं. खासगी जमिनीवरचा वारसा केवळ उपदेशानं टिकत नाही.

म्हणून उक्षीच्या ग्रामस्थांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्या सड्यावरच्या हत्तीचं मोल कळल्यावर त्यांनी सरकारची वाट न पाहता जागा बांधून घेतली आणि शिल्पावर पाय न देता ते पाहता यावं अशी उंच जागा केली. देवी हसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं शिल्प गावाच्या श्रद्धेनंच राखलं आहे.

ज्यांनी ही दोन क्षेत्रं एकत्र पाहिली त्यांत मुंबईचे श्याम चैनानी यांचं नाव मी आदरानं घेतो. १९७९ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपमधून त्यांनी काम केलं. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली आली, देशात असं पहिल्यांदाच होत होतं, आणि त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. याच माणसानं मुरूड-जंजिरा, महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान हे परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर व्हावेत यासाठीही झगडा दिला. मुरूड-जंजिऱ्याची अधिसूचना १९८९ ची, महाबळेश्वर-पाचगणीची २००१ ची, माथेरानची २००३ ची. या तारखांमधली अंतरं पाहिली तर कळतं की हे काम किती सावकाश आणि किती रटाळ असतं. अर्ज, नकाशे, हरकती, सुनावण्या, पुन्हा अर्ज. अधिकारी बदलला की पहिल्यापासून समजावून सांगायचं. चैनानींनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच वारसा आणि पर्यावरण शेजारी शेजारी आहेत. मोर्चात पुढे चालणाऱ्याचा फोटो येतो. मसुद्यातला एक शब्द बदलून घेण्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालणाऱ्याचा येत नाही, आणि तरी पुष्कळ वेळा डोंगर वाचलेला असतो तो त्या एका शब्दामुळे.

आता किल्ल्यांकडे वळतो, कारण तिथे मला दोन राखणदारांची टक्कर दिसते. शिवनेरी, सज्जनगड, पुरंदर यांच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक लहानशी मांसल वनस्पती लटकत असते. एकोणिसाव्या शतकात वनस्पतींचे अभ्यासक डॅलझेल यांना ती जुन्नरच्या परिसरात मिळाली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं गेलं. जगात ती फक्त आपल्या सह्याद्रीत आहे, तीही मोजक्या कड्यांवर. १९८०च्या दशकात जगातल्या अत्यंत संकटग्रस्त बारा वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश झाला होता. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, ताऱ्यासारखी फुलं येतात. शिवनेरी आता जागतिक वारसा आहे, पण त्या मानात या वनस्पतीचा उल्लेख नाही.

दर रविवारी शेकडो तरुण गडांवर जाऊन टाकी उपसतात, तटबंदी मोकळी करतात, घामाघूम होऊन दगड रचतात. त्यांच्या निष्ठेपुढे मी हात जोडतो. तटाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ आणि उंबर काढलाच पाहिजे, नाहीतर मुळं फुगून दगड ढकलतात आणि एका पावसात बुरूज खाली येतो. पण भिंतीतला पिंपळ आणि कड्यावरची माकुडी यांत फरक करायला कुणीतरी शिकवलं पाहिजे. सरसकट खरवडलेला कडा स्वच्छ दिसतो आणि एखादी जात तिथून कायमची उठते. टाकं उपसताना त्यातला गाळ कुठे टाकला, कोणत्या महिन्यात उपसला, यावर त्यातल्या जीवांचं भवितव्य असतं. मोहिमेत एक वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असला तरी पुरे. माझ्या माहितीतल्या काही गटांनी हे सुरू केलं आहे, आणि आधी कुरकुरणारे गडीच आता झाड ओळखल्याशिवाय कोयता लावत नाहीत.

गावांना ही एकजूट शिकवावी लागत नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. तिथली जुनी देवळं गावानं सांभाळली. त्याच गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती अंडी पूर्वी काढून नेली जात. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं आणि भाऊ काटदरे यांनी तिथे काम सुरू केलं. त्यांनी गावालाच राखणदार केलं. अंडी हॅचरीत सुरक्षित ठेवायची, पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची, आणि ती पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांत करायची. पाहुणा मोदक खाऊन जातो, घरच्या बाईच्या हाती चार पैसे येतात, आणि कासव जगलं तर गावाचं बरं होतं हे न सांगता कळतं. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिगतही इथे सांगितली पाहिजे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास करत होते. गाणीच्या देवराईवर तोडीची खूण पडली होती. गावकरी आपण होऊन या दोघांकडे आले आणि राई वाचवायला सांगितलं. त्या राईत गारंबीचा प्रचंड वेल होता, ज्याच्या बिया औषधासाठी लांबून लोक नेत. वर्तक-गाडगीळांनी वन खात्याकडे शब्द टाकला आणि तोड थांबली. त्या गावकऱ्यांनी देव, वेल आणि औषध अशा तीन अर्जांऐवजी राईसाठी एकच अर्ज केला. आज मात्र कित्येक गावांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडं विकली जातात आणि जुन्या कौलारू, लाकडी देवळाच्या जागी सिमेंटचं देऊळ उभं राहतं. एकाच निर्णयात वास्तूही जाते आणि राईही. तिथे वास्तुतज्ज्ञ आणि वनस्पतितज्ज्ञ दोघांनीही मिळून गावच्या बैठकीत बसलं पाहिजे, मानकऱ्यांशी गोडीनं बोललं पाहिजे.

कायद्यात वाट नाही असं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल अशी जाहीर झाली. गावानं ती देवाची राई म्हणून राखली होती म्हणूनच ती उरली होती. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी शंकराचं देऊळ आहे, तिथल्या पाण्यात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२० साली शास्त्रात नोंदली गेली. पुढच्याच वर्षी ती जागा वारसा स्थळ झाली. देऊळ, उगम आणि मासा, तिघांना मिळून एक संरक्षण. आंबोलीला जे जमलं ते राजापूरच्या सड्याला का जमू नये?

माझी या सभेला एक विनंती आहे. येत्या १ मे रोजी ग्रामसभा असेल. ज्यांच्या गावात सडा आहे त्यांनी त्या दिवशी एक ठराव मांडावा. ठरावाला सड्याचे गट नंबर जोडावेत, शिल्पं कुठे आहेत त्याचा नकाशा जोडावा, आणि त्याच नकाशावर दीपकाडीच्या, डबक्यांच्या, पऱ्ह्यांच्या जागा दाखवाव्यात. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत दोन्हींची नोंद व्हावी. जमीनमालकांना बोलावून, सडा राखण्याचा मोबदला काय असावा हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं. शिल्पांची माहिती द्यायला रत्नागिरीत माणसं आहेत, वनस्पतींची माहिती द्यायला इथल्या महाविद्यालयांत प्राध्यापक आहेत. दोघांपैकी कुणालाही एकट्याला बोलावू नका. कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक वही ठेवलेली असेल. ज्यांना आपल्या गावचा नकाशा करायचा आहे त्यांनी गाव आणि तालुका लिहावा. पावसाआधी शिल्पांसाठी आणि जुलैत फुलांसाठी, अशा दोन फेऱ्या तिथे व्हाव्यात म्हणून आम्ही माणसं जोडून देऊ.